पांढरीतील वस्तू आणि त्यांची ओळख : तेर (तगर) येथील पुराव्याच्या आधारे एक विचार

महाराष्ट्रातील खेड्याचे वर्णन करताना 'काळी' आणि 'पांढरी' हे दोन शब्द जोडीने येतात. काळी म्हणजे पिकाखालील जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची, गावठाणाची जमीन. ही नावे मातीच्या रंगावरून पडलेली आहेत. जेथे माणसे पिढ्यान् पिढ्या राहिली, तेथे चुलीची राख, शेणमाती, पडलेल्या भिंतींचा चिखल, हाडे, कोंडा आणि खापऱ्या यांचे थरावर थर साचत गेले आणि मूळच्या काळ्या जमिनीवर करड्या-पांढऱ्या मातीचे टेकाड उभे राहिले. गाव उठून गेले तरी ही माती मागे राहते. शेतकरी तिला रंगावरून ओळखतो आणि खत म्हणून गाड्या भरून शेतात नेऊन टाकतो. पुरातत्त्वाचा अभ्यासक तिलाच प्राचीन वसतिस्थान म्हणतो.

अशा पांढरीतून जुन्या वस्तू वर येणे ही नवी गोष्ट नव्हे. पहिल्या पावसानंतर टेकाडाच्या उतारावर मणी दिसतात, नांगराला नाणे लागते, घराचा पाया खणताना एखादे भांडे निघते. अलीकडे धातुशोधक यंत्रे सहज मिळू लागली आणि या जुन्या व्यवहाराला नवे वळण लागले. पूर्वी वस्तू योगायोगाने सापडे. आता ती हेतुपुरस्सर शोधली जाऊ लागली आहे. वस्तू हाती आली की पहिला प्रश्न येतो तो 'हे काय आहे, आणि किती जुने आहे?' हा. या प्रश्नाचे उत्तर कशाच्या आधारे देता येते, आणि कोणत्या परिस्थितीत ते कायमचे हातचे जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी धाराशिव जिल्ह्यातील तेर या स्थळाचा पुरावा मुख्यत्वे घेतला असून तुलनेसाठी महाराष्ट्रातील अन्य काही शोधांचा आधार घेतला आहे.

१. स्थळाची ओळख

तेर हे तेरणा नदीच्या काठचे गाव. वारकरी संप्रदायात ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून सर्वांना परिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ते प्राचीन 'तगर' म्हणून महत्त्वाचे वाटते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतील सागरी प्रवासवृत्तात भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर अशी दोन बाजारपेठांची नोंद आहे. पैठणहून गोमेदासारखे मौल्यवान दगड आणि तगरहून जाडेभरडे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल भडोचच्या बंदरात येत असे, असेही तो लेखक सांगतो. टॉलेमीच्या भूगोलातही तगराचा उल्लेख आहे. पुढे कोकणातील व कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. म्हणजे या नगराची कीर्ती त्याच्या वैभवाचा काळ सरल्यावरही कित्येक शतके टिकून होती.

असे असूनही तगर म्हणजे नेमके कोणते गाव, याविषयी एकोणिसाव्या शतकात अनेक मते प्रचलित होती. कोणी देवगिरी सुचविली, कोणी जुन्नर, तर रा. गो. भांडारकरांनी धारूरकडे लक्ष वेधले. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर असे प्रतिपादन केले. 'तगर' शब्दातील मधला 'ग' लोप पावून 'तेर' हे रूप होणे भाषाशास्त्राला धरून होते. पैठणपासूनची दिशा व अंतर स्थूलमानाने जुळत होते आणि ताम्रपटांतील उल्लेखही त्यास अनुकूल होते. पाठोपाठ हेन्री कझिन्स यांनी तेथील अवशेषांची पाहणी केली. पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात तिचा वृत्तांत आला. ज्या वास्तूत आज त्रिविक्रमाची पूजा होते ती मुळात चापाकृती विधानाची, विटांची प्राचीन वास्तू आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नाव, अंतर, लेख आणि वास्तू हे चार स्वतंत्र पुरावे एकाच जागी जुळले, तेव्हा स्थळाची ओळख पटली. यांपैकी कोणताही एक पुरावा एकटा पुरेसा नव्हता. वस्तूंच्या ओळखीलाही हाच नियम लागू पडतो.

२. तेरचा संग्रह

तेरच्या पांढरीतून निघालेल्या वस्तू जतन होण्याचे श्रेय बऱ्याच अंशी रामलिंगप्पा लामतुरे या तेर येथीलच गृहस्थांना आहे. गावकऱ्यांना शेतात, टेकाडावर किंवा नदीकाठी सापडलेल्या हजारो वस्तू त्यांनी चिकाटीने जमविल्या. त्यांच्या नावाने तेर येथे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. या संग्रहात मातीच्या मूर्ती, दिवे, मुद्रा, शंखाच्या बांगड्या, विविध दगडांचे व काचेचे मणी, नाणी, हस्तिदंती वस्तू असा मोठा ऐवज आहे. लामतुरे यांनी या वस्तू जमविल्या नसत्या तर त्यांतील बहुतेक खतासोबत शेतात गेल्या असत्या आणि नाणी आटणीत गेली असती, यात शंका नाही.

परंतु अशा संग्रहाची एक मर्यादा असते. वस्तू कोणत्या टेकाडावर, किती खोलीवर, कोणत्या थरात आणि कशाच्या सोबतीने मिळाली, याची नोंद तिच्याबरोबर येत नाही. ती वस्तू तेरची आहे एवढेच निश्चित असते. म्हणून संग्रहातील वस्तूंचा काळ ठरविण्यासाठी शास्त्रीय उत्खननाची गरज भासली. १९५८ साली तेर येथे उत्खनन झाले व त्याचा चापेकरांनी लिहिलेला अहवाल १९६९ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाला. त्यानंतर साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात व सत्तरीच्या दशकात पुन्हा उत्खनने होऊन विटांच्या स्तूपासारख्या बौद्ध वास्तू उजेडात आल्या. या उत्खननांतून सातवाहनकालीन थरांचा क्रम हाती आला. थरांत मिळालेल्या वस्तूंशी संग्रहातील वस्तू ताडून पाहता येऊ लागल्या आणि संग्रहाला कालक्रमाची चौकट मिळाली. उत्खननात मिळालेले एक साधे खापर कपाटातील सुंदर मूर्तीचा काळ सांगू शकते, ते यामुळेच.

३. द्रव्य आणि घडण

वस्तू हाती आल्यावर अभ्यासक प्रथम तिचे द्रव्य व तिची घडण पाहतो. तेरच्या मृण्मूर्ती याचे उत्तम उदाहरण होत. त्यांतील पुष्कळशा मूर्ती लाल मातीच्या नसून केओलिन या पांढऱ्या, मऊ पोताच्या मातीच्या आहेत. त्या दुहेरी साच्यात घडविलेल्या आहेत. पुढचा भाग एका साच्यात व मागचा दुसऱ्या साच्यात दाबून नंतर दोन्ही भाग जोडले जात. त्यामुळे मूर्ती आतून पोकळ राहते आणि बारकाईने पाहिल्यास तिच्या दोन्ही कडांना सांध्याची रेघ दिसते. याच पद्धतीच्या मूर्ती पैठण, नेवासे, भोकरदन आणि तेलंगणातील कोंडापूर येथेही मिळाल्या आहेत. म्हणजे पांढरी माती, पोकळ घडण व सांध्याची रेघ ही तीन लक्षणे एकत्र आली, की दख्खनमधील सातवाहनकालीन कारागिरीकडे बोट दाखविता येते. केवळ 'मूर्ती जुनी दिसते' या म्हणण्याला काही अर्थ नसतो. मातीच्या मूर्ती प्रत्येक शतकात झाल्या आणि जत्रेत आजही विकल्या जातात.

शंखाच्या बांगड्यांचे तुकडे दिसायला क्षुल्लक असतात. पण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावात शंख सापडतो, तेव्हा तो व्यापाराचा साक्षीदार ठरतो. बांगडी कापून उरलेला शंखाचा गाभा त्याच्यासोबत मिळाला, तर येथे तयार बांगडी येत नसून कच्चा शंख येत होता आणि कापण्याचे काम स्थानिक कारागीर करीत होते, असे अनुमान निघते. मण्यांचेही तसेच आहे. पूर्ण झालेला मणी आला कोठून हे सांगत नाही. मात्र अर्धवट भोक पाडलेला, तडकून टाकून दिलेला मणी तो तेथेच घडत होता हे सांगतो. ज्याला केवळ देखण्या वस्तू हव्या आहेत तो असे तुकडे फेकून देतो आणि त्याबरोबर सबळ पुरावाही फेकला जातो.

तेर येथे मिळालेल्या एका प्रकारच्या वस्तूंकडे विशेष लक्ष वेधणे आवश्यक आहे. रोमन सम्राटांच्या नाण्यांवरून साचा घेऊन घडविलेली मातीची गोल पदके तेथे मिळाली आहेत. ती गळ्यात घालण्यासाठी असत आणि त्यांवर सम्राटाचे मस्तक दिसते. कोंडापूर येथेही अशी पदके मिळाली आहेत. खरे रोमन नाणे ज्याच्या हाती आले त्याने ते जपले, मोडले किंवा आटविले असेल. परंतु त्या नाण्याचे रूप सामान्य माणसाच्या अलंकारात उतरले होते हे या मातीच्या नकलेवरून समजते. व्यापाराने येणारे द्रव्य आणि समाजाने उचललेली अभिरुची या दोन भिन्न गोष्टी आहेत. यांतील दुसरीचा पुरावा येथे धातूत नसून मातीत आहे.

४. हस्तिदंती स्त्रीमूर्ती

तेरच्या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ती होय. मोतीचंद्र यांनी १९६० मध्ये 'ललित कला' या नियतकालिकात तिच्यावर स्वतंत्र लेख लिहिला. त्याच वर्षी ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांची तेरवरील पुस्तिका मुंबईस प्रसिद्ध झाली. या मूर्तीची ओळख कशी पटली हे पाहणे उद्बोधक आहे.

१९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे एका घराच्या अवशेषांत भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली होती. पाँपेई नगर इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात गाडले गेले. अर्थात ती मूर्ती त्यापूर्वी घडलेली असली पाहिजे. भारतीय कलेच्या इतिहासात इतकी निश्चित कालमर्यादा क्वचितच मिळते, आणि ती मूर्तीच्या शैलीवरून मिळालेली नाही. मूर्ती जेथे पडली होती त्या जागेवरून मिळालेली आहे. तेरची मूर्ती उजेडात आल्यावर अलंकार, केशरचना, अंगयष्टी व समोरून पाहण्याजोगी ठेवण यांबाबत तिचे पाँपेईच्या मूर्तीशी साम्य दिसून आले. पुढे १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा विद्यापीठांच्या वतीने शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे उत्खनन केले. तेथेही हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला. त्यामुळे अशा मूर्ती दख्खनच्या व्यापारी नगरांत वापरात होत्या या मताला बळकटी आली. आरशाची किंवा तत्सम वस्तूची मूठ म्हणून त्यांचा उपयोग होत असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

या उदाहरणातील तर्काची वाट स्पष्ट आहे. तेरच्या मूर्तीला स्वतःचा थर नाही. म्हणून ती पाँपेईच्या आणि भोकरदनच्या मूर्तींकडून आपला काळ उसना घेते. त्या दोन मूर्तींची जागा नोंदलेली नसती तर तिघींनाही केवळ शैलीच्या अंदाजावर सोडून द्यावे लागले असते.

५. धातूचे तीन शोध

आतापर्यंत विचार केला तो मुख्यत्वे माती, शंख व हस्तिदंत यांचा. धातूच्या वस्तूंच्या बाबतीतही हेच सूत्र आढळते. त्यासाठी महाराष्ट्रातील तीन शोध पाहता येतील.

पहिला शोध नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथील. १९०६ साली तेथे १३,००० हून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली. ती क्षहरात क्षत्रप नहपान याची असून त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आहेत. गौतमीपुत्राने क्षहरातांचा पाडाव केल्याचे नाशिकच्या लेण्यातील शिलालेख सांगतो. या साठ्याने त्याला नाण्यांची साक्ष दिली. अशी दोनचार नाणी सुटी सुटी बाजारात आली असती, तर ती एक विचित्र प्रकार म्हणून नोंदली गेली असती. हजारो नाणी एकाच ठिकाणी, एकाच प्रमाणात मिळाली म्हणूनच पराभूत राजाचे चलन जेत्याने पद्धतशीरपणे आपलेसे केले, असा निष्कर्ष काढता आला. साठ्याचा अर्थ साठा एकत्र राहण्यात होता.

दुसरा शोध कोल्हापूरचा. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४४-४५ च्या सुमारास ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला. त्यात पॉसिडॉन या ग्रीक सागरदेवतेची लहान मूर्ती, आरसा आणि भांडी होती. नंतर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकळिया व मो. गं. दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले आणि १९५२ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. परदेशी मूर्ती व देशी भांडी एकत्र मिळाली, आणि पुढे त्या जागेचे थरही तपासले गेले, म्हणून ही मूर्ती सातवाहनकालीन नगरजीवनाचा भाग म्हणून समजून घेता आली. एरवी ती कोणा अर्वाचीन संग्राहकाची हरवलेली वस्तू म्हणूनही खपली असती.

तिसरा शोध अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबादचा. १९७४ मध्ये तेथे झाडाचे मूळ खणताना एका शेतकऱ्याला हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशी चार भरीव ब्राँझशिल्पे सापडली. त्यांचे एकत्रित वजन ६० किलोग्रॅमहून अधिक आहे. स. अ. साळी यांनी त्यांना उत्तर हडप्पाकालीन मानले. उलट धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणासारख्या कारणांवरून काही अभ्यासकांनी त्यांच्या प्राचीनतेविषयी शंका घेतली. ती उत्खननात थरासह मिळाली नसल्याने हा वाद पूर्णतः मिटलेला नाही. दायमाबाद येथे नंतर अनेक वर्षे शास्त्रीय उत्खनन झाले. परंतु शिल्पे उचलली गेली त्या क्षणी जो पुरावा विस्कटला तो परत जुळविता आला नाही. शिल्पे सुरक्षित आहेत, द्रव्य तपासलेले आहे, घडण सर्वांसमोर आहे आणि तरीही त्यांचा काळ वादग्रस्त आहे. वस्तूच्या अंगावरील पुरावा कितीही विपुल असला तरी जागेच्या पुराव्याची जागा तो घेऊ शकत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

६. धातुशोधक यंत्राची साक्ष

या पार्श्वभूमीवर धातुशोधक यंत्राचा विचार केला पाहिजे. या यंत्राच्या वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह सोडून चुंबकीय क्षेत्र निर्माण केले जाते. ते क्षेत्र जमिनीतील धातूपर्यंत पोचले की धातूत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात आणि त्यांचे प्रतिक्षेत्र यंत्राला जाणवून आवाज उमटतो. नाण्याएवढी वस्तू साधारणतः वीतभर खोलीपर्यंत अशा यंत्राला कळते. मराठवाड्याची काळी माती अग्निजन्य बेसाल्ट खडकापासून झालेली असून तिच्यात लोहयुक्त खनिजे असतात. त्यामुळे येथे यंत्राला मातीचाही गोंगाट ऐकू येतो.

या यंत्राचा पहिला दोष त्याच्या गुणातच आहे. त्याला फक्त धातू कळतो. तेरच्या पांढरीवर ते फिरविले तर हस्तिदंती मूर्ती, केओलिनच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या, मणी आणि रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला यांपैकी कशाचीही खबर ते देणार नाही. ज्या वस्तूंनी तेरला जगाच्या इतिहासात स्थान मिळवून दिले त्यांतील बहुतेक वस्तू या यंत्राला मुक्या आहेत. उलट शिशाचे नाणे ऐकून जो खड्डा खणला जाईल त्या खड्ड्यात हे सर्व विस्कटेल.

दुसरा दोष यंत्राचा नसून वापरणाऱ्याचा आहे. अमेरिकेत लिटल बिगहॉर्न येथील १८७६ च्या रणभूमीवर १९८३ मध्ये वणवा लागून गवत जळाले. त्यानंतर १९८४ पासून पुरातत्त्वज्ञांनी तेथे धातुशोधक यंत्रे वापरली. मात्र प्रत्येक काडतूस व गोळी जागच्या जागी ठेवून आधी तिच्यापाशी खूण रोवली गेली, स्थान मोजले गेले आणि मगच वस्तू उचलली गेली. या नोंदींवरून कोणती बंदूक रणांगणात कोठून कोठे सरकली हे दाखविता आले आणि लढाईचा वृत्तांत नव्याने मांडता आला. इंग्लंडमध्ये १९९६ च्या निधीविषयक कायद्यानंतर १९९७ पासून हौशी शोधकांनी आपल्या वस्तूंची स्थानासह नोंद करावी अशी योजना सुरू झाली. यंत्र तेच आहे. फरक पडतो तो आधी उचलणे की आधी नोंदणे यात.

भारतातील कायद्याची चौकट याहून कडक आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे शोधणाऱ्याचे कर्तव्य आहे. १९५८ च्या केंद्रीय व १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्यान्वये संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय खोदकाम करता येत नाही. १९७२ च्या कायद्याने १०० वर्षांहून जुन्या वस्तूंना पुरावस्तू मानून त्यांच्या निर्यातीस व अनियंत्रित व्यापारास आळा घातला. हे नियम सामान्यतः मालकीच्या दृष्टीने वाचले जातात. अभ्यासकाच्या दृष्टीने त्यांचे खरे मोल असे, की ते वस्तू आणि जागा यांची ताटातूट लांबणीवर टाकतात.

७. अलीकडच्या काळातील ओसाड घरे

प्राचीन टेकाडांविषयी जे खरे आहे ते अलीकडच्या शतकांतील पडक्या वाड्यांना, गढ्यांना व ओसाड गावठाणांनाही लागू आहे. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील जुन्या घराच्या मातीत संस्थानचे 'हाली सिक्का' चलन सापडणे स्वाभाविक आहे. चारमिनाराची आकृती असलेला रुपया विसाव्या शतकाच्या प्रारंभापासूनचा; मधोमध भोक असलेली ब्राँझची लहान दोन पै १९४० नंतरची. या नाण्यांवरील वर्ष हिजरी असते. हिजरी वर्ष चांद्र असल्याने ठराविक आकडा मिळवून इसवी सन निघत नाही. हिजरी १३६२ म्हणजे इसवी सन १९४३ असा मेळ कोष्टकावरून घ्यावा लागतो. याउलट संस्थानच्या कागदपत्रांतील फसली सनात ५९० मिळविल्यास इसवी सन स्थूलमानाने हाती येतो. एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्र पति' अशी अक्षरे असलेली तांब्याची शिवराईही जुन्या वस्त्यांत मिळते. परंतु ती शिवकाळानंतरही दीर्घकाळ पाडली जात व चालत असल्याने तिच्यावरून घर शिवकालीन ठरविणे धाडसाचे होईल. नाणे घराचा काळ सांगत नाही. घर कोणत्या काळानंतर वापरात होते एवढेच ते सांगते.

शेर व पावशेर यांची लोखंडी वजने अशीच उपयोगी पडतात. दशमान मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यानंतर ही वजने बाजारातून निघाली, पण घरातून लगेच निघाली नाहीत. देवघरातील टाक, समईचा तुटलेला भाग, अडकित्ता, कुलूप, बैलांच्या गळ्यातील घंटा, नांगराचा फाळ यांचा काळ त्यांच्या घडणीवरून क्वचितच ठरतो, कारण हे आकार पिढ्यान् पिढ्या बदलले नाहीत. येथे सोबतीच्या वस्तूच कामी येतात. फाळाजवळ पडलेली दोन पै फाळाचा काळ सांगते. तोच फाळ टोपलीत घालून घरी आणला की तो केवळ लोखंडाचा तुकडा उरतो. चिंच लावून नाणे घासण्याची आपल्याकडील सवयही अशीच घातक आहे. धातूवरील हिरवट थरासोबत अक्षरांच्या कडा जातात आणि उरलेला पुरावाही नष्ट होतो.

या संदर्भात धाराशिव जिल्ह्याला एक वेगळी व दुःखद जबाबदारी प्राप्त झालेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसर आणि या जिल्ह्यातील सास्तूर व तत्कालीन उमरगा तालुक्यातील अनेक गावे उद्ध्वस्त झाली. जाड दगडमातीच्या भिंती व त्यांवरील मातीच्या भाराची माळवदे कोसळून हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्यानंतर दोन्ही जिल्ह्यांतील पन्नासाहून अधिक गावे मूळ जागा सोडून नव्या ठिकाणी वसविली गेली. जुनी गावठाणे मागे राहिली. ती आजची नवी पांढरी होय.

तेरच्या पांढरीवर कोण राहत होते हे विचारायला कोणी उरलेले नाही. तेथे थरांवाचून दुसरा साक्षीदार नाही. भूकंपाने ओस पडलेल्या गावठाणांची स्थिती वेगळी आहे. ज्यांनी ती घरे वापरली ती माणसे व त्यांची मुले जवळच्याच नव्या वसाहतींत राहतात. कोणत्या खोलीत चूल होती, देवघर कोठे होते, कणगी कोठे होती, दगडी जाते कोणाच्या माहेरहून आले होते, हे त्यांना ठाऊक आहे. त्या घरातील एखाद्या वस्तूची ओळख पटवून द्यायला आज जिवंत साक्ष मिळते. आणखी एका पिढीनंतर ती मिळणार नाही. शिवाय या जागी अनेकांचे आप्त गेले असल्याने तेथील प्रत्येक वस्तूला वारस आहे. तेथे यंत्र घेऊन धातू वेचणे म्हणजे पुराव्याचा नाश तर आहेच, पण दुसऱ्याच्या स्मृतीला हात घालणेही आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी सिद्ध होतात. वस्तूची ओळख तीन अंगांनी पटते : तिचे द्रव्य व घडण, तिच्या सोबतीच्या वस्तू, आणि ती जेथे पडली होती तो थर. पहिले अंग वस्तूबरोबर संग्रहालयापर्यंत येते. उरलेली दोन जागेवरच असतात आणि नोंदल्यावाचून हलविली तर संपतात. तेरचा संग्रह आज अर्थपूर्ण वाटतो तो पाँपेई, भोकरदन व खुद्द तेर येथील नोंदलेल्या पुराव्याशी तो ताडून पाहता आला म्हणून. दायमाबादची शिल्पे इतकी भव्य असूनही वादात राहिली, ती त्यांच्या जागेचा पुरावा वेळेवर टिपता आला नाही म्हणून.

ज्या गावकऱ्याला पांढरीत काही सापडते त्याने ते जागेवरून न हलविता, निदान जागेची खूण ठेवून व छायाचित्र घेऊन, न घासता न धुता, तलाठी, तहसील कार्यालय किंवा जवळच्या वस्तुसंग्रहालयास कळविले तर अभ्यासाचे अर्धे काम तेथेच होते. विद्यापीठीय विभागांचे कर्तव्य याहून मोठे आहे. जिल्ह्यातील पांढऱ्या टेकाडांची गाववार यादी करणे, त्यांच्या पृष्ठभागावरील खापऱ्यांची नोंद ठेवणे, आणि भूकंपाने ओस पडलेल्या गावठाणांतील घरांचे आराखडे तेथील वृद्धांच्या तोंडून लिहून घेणे, ही कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहेत. त्यांना महागडी यंत्रे लागत नाहीत. वही, मोजपट्टी आणि गावकऱ्यांशी बोलण्याची सवड एवढे साहित्य पुरते. यांतील पहिली दोन कामे पुढील पिढीलाही करता येतील. तिसरे काम मात्र ज्यांच्या आठवणीवर अवलंबून आहे ती माणसे हयात आहेत तोवरच होऊ शकते. म्हणून त्याचा क्रम पहिला लागला पाहिजे.